चारशे बारा जण ठीक

३ मार्च

चि. ढब्बू यास, ताईचे अनेक आशीर्वाद, जरी आज ते देताना हात जरा आखडतोच आहे.

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा आधी बरं वाटलं. मग तू विचारलंस की झोप किती तास लागते. मी सांगितलं. मग विचारलंस की जेवण पूर्वीइतकं जातं, पूर्वीपेक्षा कमी जातं, की अजिबात जात नाही. तिथे माझ्या लक्षात आलं की तू समोर कागद धरून वाचतो आहेस. आईच्या मागे ज्याचा शेंबूड पुसून मी त्याला वाढवलं, तो एकावन्न वर्षांचा घोडा सख्ख्या बहिणीला छापील फॉर्म वाचून दाखवतो आहे! मन शून्य ते दहा यांत कितीवर आहे असं विचारलंस, तेव्हा मी फोन ठेवला. लाइन तुटली असा सोयीस्कर समज करून घेऊ नकोस.

तुझ्या ऑफिसातल्या फोनवाल्या बाईंचेही तीन फोन येऊन गेले. हे गेल्यावर हॉस्पिटलने माझं नाव तुमच्या यादीत धाडलं असणार. बाई गोड बोलतात, पण मागे त्यांचं मूल रडत असतं आणि त्यांना घाई असते. तिन्ही वेळा मी ठीक आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि फोन यायचे थांबले. नवरा जाऊन तीन महिने होत नाहीत तोवर अभिनंदन झालेली बाई जगात मी एकटीच असेन.

म्हणून यापुढे आपण पत्रं लिहू. पत्रात फॉर्म वाचता येत नाही, काहीतरी पदरचं घालावं लागतं. तुझं अक्षर लहानपणी मुंगीच्या रांगेसारखं होतं. आता काय झालं आहे तेही कळेल.

इकडचं म्हणशील तर तीन मजले चढून वर येणारं कुणी नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर वाचून झालेला पेपर दाराशी ठेवतात आणि मी कडी काढेपर्यंत जिन्यातून पसार होतात. साथीची भीती आहे, त्यांचं काही चुकत नाही. स्वयंपाकघरातली ह्यांची खुर्ची मी गॅलरीत नेऊन ठेवली, कारण जेवताना ती समोर येत होती. आता कपडे वाळत घालताना समोर येते. परवा दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द मोजले. दुकानदाराशी दोन, तेही पिशवी नको एवढेच.

उत्तर लवकर धाड. लोभ तुझ्यापाशी भरपूर आहे हे मला माहीत आहे, तो जरा बाहेर काढायला शीक.

तुझी ताई

—

११ मार्च

ती. ताईस, ढब्बूचा साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, कान पकडायचे आहेत. दोन्ही पकडून लिहिता येत नाही म्हणून एकच पकडला आहे.

फॉर्म वाचत होतो हे खरं. लबाडी नव्हती ताई. तुला फोन लावला की कशी आहेस एवढं विचारून झाल्यावर माझ्यापाशी पुढचं वाक्यच नसतं. भाऊजींच्या वेळी रस्ते बंद होते, मला येता आलं नाही, आणि तेव्हापासून तुझ्याशी कुठल्या तोंडाने बोलावं ते कळत नाही. फॉर्ममध्ये निदान दहा प्रश्न तयार आहेत. ते मीच बनवले आहेत, त्यामुळे पाठही आहेत. कागद समोर धरला तो फक्त धीरासाठी.

आता कामाचं. आमच्या कार्यालयाला एक आराखडा करायला सांगितला आहे. नाव ऐकून तू हसशील: साथीच्या काळातील व साथीनंतरची प्रौढांसाठीची मानसिक आरोग्य सेवा. समितीत तिघे आहोत. तुझ्या जुन्या मनोरुग्णालयाचे मोठे डॉक्टर, आमचे साहेब, आणि लिहायला मी. साथीच्या काळातलं प्रकरण लिहून झालं. मनोरुग्णालयातल्या चाळीस खाटा साथीच्या रोग्यांना गेल्या, तिथल्या माणसांना लवकर घरी पाठवलं, आणि सगळ्यांची खबरबात फोनवर घ्यायला सुरुवात केली. यादीत पाचशे तीस जण आहेत: घरी पाठवलेले, शिवाय ज्यांच्या घरात माणूस गेलं ते. दर पंधरवड्याला फोन जातो. लागोपाठ तीनदा ठीक आहे असं उत्तर आलं की ते नाव बरे झालेल्यांच्या रकान्यात टाकून यादीतून काढायचं, हा नियम. आजवर चारशे बारा जण बरे झाले आहेत. साहेबांनी हा आकडा वर कळवला, वरून शाबासकी आली.

साथीनंतरचं प्रकरण मात्र अजून कोरं आहे. त्यात मुख्य प्रश्न तुझ्याच गावचा आहे. मनोरुग्णालयाच्या मागे, जुन्या धुलाईच्या इमारतीत ते दिवसघर होतं ना, घरी गेलेले पेशंट दिवसा येऊन बसत ते? वर्षभर बंद आहे. साहेबांना ती खोली लशीच्या खोक्यांसाठी कायमची हवी आहे. त्यांचं म्हणणं, फोनवर चारशे बारा माणसं बरी होत असतील तर खोली कशाला? दप्तरात शोधलं, तर दिवसघराबद्दल एवढंच सापडलं: पत्ते, शिवणयंत्र, चहा. तीस एप्रिलपर्यंत आराखडा द्यायचा आहे. खोली ठेवावी की सोडावी, तुझं मत दोन ओळींत कळव. तू एकतीस वर्षं तिथे सिस्टर होतीस, तुझ्याइतकं जाणतं कोण आहे?

मी बरा आहे. अकरा टेबलांच्या ऑफिसात तिघेच येतो, आणि तेही भिंतीला धरून बसतो. घरी आल्यावर ओट्याशी उभा राहून जेवतो, म्हणजे ताट लागत नाही.

आशीर्वाद चालू ठेव, रागही चालेल.

तुझा धाकटा

—

१९ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद, आणि अक्षर सुधारल्याबद्दल शाबासकी. मुंग्या आता ओळीत चालतात.

दोन ओळींत मत माग, असं तुला कुणी शिकवलं? दोन ओळींत सांगता येण्यासारखं काही असतं तर तुमच्या दप्तरात ते आधीच असतं.

दिवसघरात काय होत असे, तर काहीच नाही. माणसं दहाला येत आणि चारला जात. धुलाईच्या हौदांवर फळ्या टाकून टेबलं केली होती. बावीसएक जण असत. एक निवृत्त बसचालक होता, पत्त्यांत सगळ्यांना फसवायचा. त्याचा आजार उसळायच्या आधी आठवडाभर त्याचे बूट वेगवेगळे येत, एक काळा, एक तपकिरी. त्याला ते कळत नसे, त्याच्या बायकोला कळत नसे. पत्ते खेळणाऱ्यांना कळे, कारण ते पत्ते टाकताना खाली बघत. मग मी मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी पाठवी की बूट बदलले. तेवढ्यावर औषध बदललं जाई आणि माणूस वॉर्डात यायचा वाचे. तुझ्या फोनवर बूट दिसतात का? ही तुमची उंटावरून शेळ्या हाकण्याची पद्धत आहे, आणि उंटही ऑफिसातच बांधलेला.

खिडकीशी शिंपीणबाईंचं यंत्र असे. त्या दोनदा माझ्या वॉर्डात राहून गेल्या होत्या, पुढे आठ वर्षं रोज दिवसघरात आल्या. रुग्णालयाचा एकूण एक पडदा त्यांनी शिवला. गेल्या महिन्यात दुकानाच्या रांगेत दिसल्या. मी विचारलं, त्यांनी ठीक आहे म्हणून सांगितलं. त्यांच्या डाव्या तर्जनीवर सुईची जी कायमची खरखरीत खूण असे, ती गेली होती. बोट अगदी मऊ झालं होतं. 

आता तुझ्या चारशे बारांबद्दल. वॉर्डात डॉक्टरांचा राउंड नऊला असे. साडेआठला जुन्या बायका नव्या बायकांची शाळा घेत. झोप लागते म्हणायचं, जेवते म्हणायचं, घरच्यांची आठवण येते म्हणायचं पण रडायचं नाही, आणि कसं वाटतं विचारलं की लगेच ठीक म्हणायचं; थांबून म्हटलं तर लिहून घेतात. ही शिकवणी मी कानाने ऐकलेली आहे. तीच विद्या मी तुझ्या फोनवाल्या बाईंवर चालवली. त्यांचं मूल रडत होतं, मला वाटलं बाई सुटू दे. ढब्बू, तुझ्या चारशे बारांत एक मी आहे. उरलेले चारशे अकरा ठणठणीत असोत, माझी काही हरकत नाही.

खोली सोडू नकोस, हे माझं मत. झालं तुझ्या दोन ओळींत.

मागच्या बुधवारी मी अंघोळ केली नाही, हे मला शुक्रवारी कळलं. पेशंटच्या तक्त्यावर मी हे लाल शाईने लिहिलं असतं. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण कर थोडी.

तुझी ताई

—

२ एप्रिल

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. वाचून झाल्यावर मी यादीचं बाड काढलं. आमच्याकडे नावं नसतात, नुसते क्रमांक असतात, पण गाव आणि तारीख माहीत असल्यावर सापडायला वेळ लागला नाही. क्रमांक दोनशे सत्याऐंशी: स्त्री, वय त्रेसष्ट, पतिनिधन, एकटी राहते. मन: सात, सात, आठ. निकाल: बरी. खाली माझी सही आहे. तू फोनबद्दल पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस आणि मी त्याच्या उत्तरात तुलाच चारशे बाराचा आकडा ऐकवला. एवढा कसा मी ठोंब्या? आणि आठ कुठून आणलास ताई?

साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांचे स्वतःचे वडील साथीत गेले आणि तिसऱ्या दिवशी ते कामावर आले. पण ते म्हणाले की घरातल्या एका माणसाचं दुःख हा पुरावा होत नाही, आराखडा आकड्यांवर चालतो. मग मीही हट्टाला पेटलो. बरे झालेल्यांतले याच गावातले बारा जण निवडले, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत एकदोघांच्या दारात जाऊन उभा राहिलो. तोंड बांधून, उंबऱ्यापासून चार हात लांब. पहिल्या दारावर मला कुणी वसुलीवाला समजून कुत्रं सोडलं.

बारांतले पाच खरोखर बरे आहेत. एकाने तर तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का असं विचारलं, त्यावरून तो नक्की बरा. उरलेले सात नाहीत. एक बँकेतले कारकून आहेत, बायको नोव्हेंबरात गेली. ते अजूनही सकाळी नऊला कडक इस्त्रीचे कपडे आणि बूट घालून फोनपाशी बसतात. आमच्या बाईंचा फोन चुकू नये म्हणून. बाईंना त्रास नको म्हणून दर वेळी ठीक सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो फोनही गेला. आता कुणी चुकीचा नंबर लावला तरी चालेल, असं ते मला हसत हसत म्हणाले. मी जिन्यात जाऊन थोडा वेळ बसलो. आणि एक खानावळीतली स्वयंपाकीणबाई आहे. पाच महिने ती उंबऱ्याबाहेर आलेली नाही, सामान खिडकीतून टोपलीने वर ओढून घेते. तिने मला दाराच्या फटीतून विचारलं की बाहेर अजून सगळं आहे का.

तीनदा ठीक म्हटलं की नाव काढा, हा नियम माझा आहे, ताई. यादी फार लांबत होती, बाई एकच होत्या, काहीतरी करणं भाग होतं. मला तो फार हुशारीचा वाटला होता.

आराखडा पुन्हा लिहायला घेतला आहे. तीस तारखेच्या आत साहेब मानतील की नाही, देव जाणे. मानले नाहीत तर खोली गेलीच. तोवर मला एक सांग. हा फॉर्मचा प्रश्न नाही, आणि घाईही नाही. ताई, तू कशी आहेस?

वाट बघतो.

ढब्बू

—

२३ एप्रिल

चि. ढब्बूस आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम असं सवयीने लिहून गेले आणि मग तो कागद फाडून हा दुसरा घेतला.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. मधे तुझी दोन कार्डं आली, ती वाचली. आजारी नव्हते. तू विचारलेल्याचं उत्तर लिहायला बसायचे आणि मग मला भांडी घासायची आठवण व्हायची. भांडं एकच असतं, ते मी फार स्वच्छ घासलं आहे.

ह्यांना हॉस्पिटलात जायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ताप चढत होता, श्वास लागत होता, पण हे म्हणत होते की काय व्हायचं ते इथे होऊ दे, तू आहेस ना. मी नर्स. मी म्हटलं की असं चालत नाही. आणि मग ढब्बू, मी त्यांच्याशी वॉर्डातल्या आवाजात बोलले. चला, उठा, दोन दिवसांचा प्रश्न आहे, शहाण्यासारखं करा. तो आवाज तू ऐकलेला नाहीस. त्या आवाजापुढे धिप्पाड माणसं मुकाट्याने उठून बसायची. हेही उठले. बटणं मी लावली. गाडीपाशी त्यांनी मागे वळून बघितलं आणि मी हाताने चला चला अशी खूण केली.

त्यांना तिथे न्यावंच लागलं असतं, हे मला नर्स म्हणून कळतं. तेवढ्यावर मी जगले असते. पण पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. तिथल्या कुणी सिस्टरने स्वतःच्या फोनवरून लावून दिला होता. मी विचारलं, कसं वाटतं. हे लगेच म्हणाले, ठीक आहे. जराही न थांबता म्हणाले. राउंडच्या आधी जे शिकवतात तेच. एकतीस वर्षं हा शब्द मी ओळखत आले, कोण खरं म्हणतं आणि कोण डॉक्टरांना खूश करायला म्हणतं ते मला दारातून कळायचं. आणि माझ्या नवऱ्याचा मी खरा धरला. मला तो खरा हवा होता. मी बरं म्हटलं, काळजी घ्या म्हटलं, फोन ठेवला आणि हे घरी येतील म्हणून त्यांचे चार सदरे इस्त्री करत बसले. त्यानंतर सहा दिवसांनी गेले. परत बोलणं नाही, बघणं नाही.

घाबरलो आहे, असं त्यांना मला सांगता आलं नाही. मी तसं विचारलं असतं, गप्प राहून थोडी वाट बघितली असती, तर सांगितलं असतं. तुझी यादी चुकली म्हणून मी तुला एवढं बोलले. मी तर एकाच माणसाची यादी सांभाळत होते, आणि तीनदा सोड, त्यांनी एकदाच ठीक म्हटलं आणि मी नाव काढून टाकलं.

तर तू विचारलंस त्याचं उत्तर हे असं आहे. मी बरी नाही. चार भिंतींना हे सगळं सांगून झालं, त्या काही बोलत नाहीत.

हे पत्र साहेबांना दाखवू नकोस. बुटांचं दाखवलंस तर चालेल.

ताई

—

६ मे

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं काही चुकलं नाही असं मी लिहिणार नाही. फॉर्म वाचून दाखवतो आहे असं समजून तू ते फाडून टाकशील. माझ्यापाशी दुसरं काही आहे, ते पाच महिने पोटात ठेवलं, आता ठेववत नाही.

भाऊजींनी त्याच दिवशी मलाही फोन केला होता. अनोळखी नंबर होता. मी बैठकीत होतो, फोनवरची सेवा कशी चालवावी यावरच. मी उचलला नाही. बैठकीनंतर लावून बघावा असं मनात आलं आणि राहून गेलं. भाऊजी गेले त्यानंतर, तुझ्या पत्त्यावर पाठवायचे कागद बघताना तो नंबर त्या वॉर्डातल्या सिस्टरचा आहे हे कळलं. तुला जे सांगता येत नव्हतं ते मला सांगायचं असेल, किंवा नुसतं तुझ्याकडे लक्ष दे म्हणायचं असेल. मला कधीच कळणार नाही. म्हणून तुझ्याशी बोलताना मला पुढचं वाक्य सापडत नव्हतं. तू एकटी नाहीस एवढं यातून घे. दुसरं काही घेण्यासारखं नाही. माझ्यावर रागावायचं असेल तर रागाव, मी कुठे जात नाही.

आता आराखडा. अठ्ठावीसला बैठक झाली. मी बारा दारांची हकिगत वाचली. साहेब बराच वेळ पेन्सिल फिरवत होते. मग मी तुझे बूट वाचून दाखवले. मोठे डॉक्टर आतापर्यंत भिंतीसारखे बसले होते, ते एकदम म्हणाले की ती चिठ्ठी मलाच येत असे, आणि ती कधी चुकली नाही.  त्यानंतर साहेबांनी दोन गोष्टी मानल्या. एक, फोनवरच्या ठीकवर कुणाचंही नाव काढायचं नाही. तिसऱ्या वेळेनंतर कुणीतरी दारात जाऊन माणूस बघून यायचं. चारशे बाराही नावं परत यादीत घालायची. दुसरी, दिवसघर मंगळवारी आणि शुक्रवारी उघडायचं, तीन महिने चालवून बघायचं. खोकी शाळेच्या तळघरात जातील.

पण त्याला एक अट आहे, आणि ती लिहिताना पेन जड झालं आहे. तिथे जाणती नर्स असल्याचं कागदावर हवं. नव्या नेमणुका बंद आहेत, रुग्णालयातल्या सगळ्या सिस्टर साथीच्या वॉर्डात आहेत. नर्स मिळाली नाही तर खोली पंधरा दिवसांत परत जाणार. मला एकच नाव सुचलं आणि विचारायच्या आधी मी ते लिहून दिलं. तुझं मागचं पत्र खिशात असताना लिहून दिलं. बरी नाही असं जिने मला उघड लिहिलं तिच्यावर बावीस माणसांचा भार घालणारा भाऊ कसला, हा विचार तेव्हा आला नाही, जिना उतरताना आला. नाही म्हणायचं असेल तर एक शब्द लिही, मी नाव खोडून येईन. खोली गेली तर गेली.

तुझा निर्णय येईल तो येईल. मला पत्र मात्र हवंच.

तुझा ढब्बू

—

२२ मे

चि. ढब्बूस ताईचे आशीर्वाद, या खेपेस हात न आखडता.

तुझ्या फोनबद्दल वाचलं. दिवसभर रागावले होते, अगदी मनापासून. संध्याकाळी राग उतरला आणि वाटलं, ह्यांनी निदान दोन दारं ठोठावली.  त्यावर आपण समोरासमोर बसून बोलू, कागदावर ते मावणार नाही.

विचारायच्या आधी नाव लिहून दिलंस, ती खोड आपल्या घराण्याचीच आहे. नाही म्हणायला बसले होते. पण बुधवारी दुकानात शिंपीणबाई पुन्हा दिसल्या, आणि त्यांनी बोट माझ्यापासून लपवलं. म्हणून गेले.

काल, मंगळवारी... काल नाही, परवा. वार माझे अजून सटकतात. जुना पांढरा कोट घातला, वही घेतली, साडेनऊलाच कुलूप उघडलं. आत पुठ्ठ्याचा वास भरला होता. खिडक्या उघडल्या, खुर्च्या लांब लांब मांडल्या. बावीसांपैकी चार आले. दोघं साथीत गेल्याचं कळलं. बसचालक मुलीकडे गेला म्हणतात, खरंखोटं माहीत नाही, तुझ्या दारोदार जाणाऱ्या माणसाला आधी त्याच्याकडे पाठव. मी चौघांना ओळीने विचारलं, कसं वाटतं. चौघांनी ओळीने सांगितलं, ठीक. मी वही मिटली.  पत्ते काढले, पण पिसायला कुणी हात पुढे केला नाही.

शिंपीणबाईंनी यंत्रावरचं फडकं काढलं, तेल घातलं, चाक फिरवून बघितलं. मग मला बोलावून म्हणाल्या की कोट काढा. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाल्या की खांदा दंडावर उतरला आहे, असा कोट घालून तुम्ही आमच्याकडे बघता ते आम्हाला बघवत नाही. मापाची फीत लावली. छातीत चार इंच गेले होते. मी कोटाविना बसले आणि त्या उसवू लागल्या. मान वर न करता त्यांनी विचारलं की आता तुमच्यासमोर जेवायला कोण बसतं. मी म्हटलं, कुणी नाही. एवढंच विचारून त्या थांबल्या. घाई केली नाही, दुसरा प्रश्न विचारला नाही. यंत्राचं चाक हाताने धरून ठेवलं आणि थांबल्या.

ढब्बू, मी सांगितलं. तुला लिहिलं ते सगळं, गाडीपाशी केलेल्या खुणेसकट. माझ्या पेशंटांसमोर रडले. एकतीस वर्षांत एकाही पेशंटने माझ्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं. कुणी समजूत घातली नाही. एकाने खुर्ची उचलली, जवळ आणली, मग अंतर आठवून वीतभर मागे घेतली आणि तिथेच बसून राहिला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की त्याला सकाळी उठवत नाही, आज तो बारा दिवसांनी बाहेर पडला होता. मग दुसराही बोलला. ते मी वहीत लिहिलं नाही, तुलाही लिहिणार नाही.

चार वाजता निघालो. मी वॉर्डात रुजू झाले त्या दिवशी मेट्रनबाईंनी मला एकच नियम घोकून घेतला होता, की जीव गेला तरी किल्ली पेशंटच्या हाती द्यायची नाही. मी झोपेतसुद्धा कमरेला हात लावून बघत असे. परवा कुलूप लावलं आणि किल्ली शिंपीणबाईंच्या हातात दिली.  त्यांनी विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं, तेव्हा रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

साहेबांच्या कागदावर नाव माझंच राहू दे, नाहीतर ते उद्या खोकी घेऊन दारात येतील. काही बिघडलं, कुणाचं उसळलं, तर मी तिथे आहे आणि नर्स आहे, ते कुठे जात नाही. तूही एखाद्या शुक्रवारी ये, तपासणीला नको, नुसता ये. पण या शुक्रवारी दार त्या उघडतील. मी दहाला जाईन, बाकीचे जातात तशी. त्यांना उशीर झाला तर बाहेर उभी राहीन.

तुझी ताई